गुरुवारी बसवलेलं वायफाय कार्ड

चाकणच्या प्रेसशॉपात उभी हयात काढली, पण माझा हात लागला आन मशीन बिघडलं असं एकदा बी झालं न्हाई. कारण माझा हात लागायच्या आतच सुपरवायझर मला कॉलर धरून मागं वढायचा.

मी मेंटेनन्सला हेल्पर. हेल्पर म्हणजे काय, तर फिटर मशीनखाली आडवा झोपणार आन मी वर उभा राहून त्याच्या हातात पाना देणार. चुकीचा पाना दिला की शिवी. बरोबर दिला की काहीच न्हाई. शाळा मी सातवीतच सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं, त्यामुळं कागदावर माझं शिक्षण तेवढंच. पण कंपनीच्या गेटाबाहेर पडलो की मी इंजिनियर. वस्तीत कुणाचा मिक्सर बंद पडू दे, मी खिशाला टेस्टर लावून हजर. दोन मिक्सर तर मी असे दुरुस्त केले, की त्या घरांत नवीनच आले.

रिटायर झालो तवा डिपार्टमेंटच्या पोरांनी मला व्हर्निअर दिला. साधा न्हाई, डिजिटल. साधा मला वाचता येत न्हाई हे त्यांना ठाऊक व्हतं. जबड्यात वस्तू धरली की खिडकीत आकडा दिसतो. आता घरात मोजण्यासारखं काय असतंय? पण रिकामा माणूस. मी दाराची कडी मोजली, साबणाची वडी मोजली. एक दिवस ताटातली चपाती मोजायला लागलो तर बायको म्हणली, "आवं, पास हाय का रिजेक्ट ते सांगा, न्हाईतर गपगुमान खावा."

आमचं घर तळवड्याच्या अलीकडं, दीड गुंठ्यात. खाली दोन खोल्या, वर गच्ची, आन चारी बाजूंनी असलीच घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली. घरात आमी चौघं आन एक बारकं. पोरगा कंपनीची नवी लाइन बसवायला गुजरातला गेलेला, महिन्यातनं एकदा तोंड दाखवायचा. बायको अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जाणार ती दुपारी एकला येणार. सूनबाई लातूरकडची, बी.कॉम. झालेली. तळवड्यात एका लहान ऑफिसात ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं बघायची. बाळ झाल्यावर तिनं घरून काम करायची परवानगी मागितली, ती तिथल्या मॅडमनी दिली. अट एकच, लॅपटॉप ज्याचा त्यानं बघायचा. सूनबाईकडं तिच्या भावानं कॉलेजात वापरून वापरून झिजवलेला एक लॅपटॉप व्हता. बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. पण वायर लावली की चालायचा बिचारा.

मंगळवारी जेवताना सूनबाई म्हणली, "पप्पा, मॅडमनी शेवटचं सांगितलंय. शुक्रवारी अकराला मोठ्या पार्टीसोबत मीटिंग हाय, एक तासाची. त्यात काही गडबड झाली तर एक तारखेपासून ऑफिसात येऊन बसा म्हणल्या."

"मग बाळाचं?" बायको म्हणली.

"त्येच तर. येवढ्याशा लेकराला कुणापाशी ठेवू? नोकरीच सोडावी लागंल." तिनं हातातला घास ताटात ठिवला. "आतल्या खोलीत नेट तुटायलंय, माझा अर्धा आवाज तिकडं पोचतच नाही. आन ऐन मीटिंगात बाळ रडायलंय. पप्पा, तुम्ही शुक्रवारी येवढा एक तास जर बाळाला—"

"नेट ना?" मी म्हणलं. "माझ्यावर सोड."

आता बघा. पोरीनं दोन दुखणी सांगितली. एक नेटचं, एक बाळाचं. बाळाचं औषध मीच व्हतो, घरात अकराच्या टायमाला दुसरा रिकामा माणूस कोण? पण बाळ सांभाळायला पाना लागत न्हाई, टेस्टर लागत न्हाई. त्यामुळं ते वाक्य माझ्या कानात शिरलं आन दुसऱ्या कानातनं अंगणात गेलं. मी व्हर्निअर शोधाय उठलो.

नेट का तुटतंय ते राऊटर बसवायला आलेल्या माणसानं आधीच सांगून ठेवलं व्हतं. राऊटर दोन जातीचं नेट फेकतो, म्हणला, एक जुनं आन एक नवं. जुन्या नेटावर आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी. नव्यावर मोकळा रस्ता. पण तुमच्या लॅपटॉपातलं वायफायचं कार्ड जुनं, त्याला नवं नेट दिसतच न्हाई. कार्ड बदला.

बुधवारी सकाळी मी तळवडे चौकातल्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट काढली. तिथं आमच्यासारख्या रिटायर लोकांची बैठक असती. सगळ्यांना सगळं येतं. सरकार कसं चालवायचं, हायवेची ट्रॅफिक कशी सोडवायची, गुडघा कुणाकडं बदलायचा. फक्त घरी कुणी इचारत न्हाई, म्हणून टपरीवर बसायचं. माझा एक दोस्त हाय, जन्मभर क्रेन चालवली त्यानं. तो म्हणला, "त्यात काय राव? एक स्क्रू असतो. स्क्रू काढायचा, जुनं काढायचं, नवं बसवायचं, स्क्रू मारायचा. पोरंसोरं करत्यात."

"तू केलंय का?"

"मी कशाला करू? मला येतंय की."

ज्या माणसानं स्क्रू कायम वरून, क्रेनच्या केबिनीतनं बघितला, त्याच्या शब्दावर मी घरी येऊन लॅपटॉप उलटा केला. माझी लायकी तेवढीच.

खालचं झाकण निघालं. आत एका कोपऱ्यात ते कार्ड. केवढं? टपाल तिकिटाएवढं. मला हसायलाच आलं. एवढ्याशा तुकड्यापायी पोरीची नोकरी जाणार? मी व्हर्निअर लावला, लांबी घेतली, रुंदी घेतली, तळहातावर पेनानं लिहिली आन झाकण परत लावलं. एक स्क्रू उरला. कंपनीत काम झाल्यावर एक बोल्ट उरला तर लाइन थांबवून शोधाशोध व्हायची. मी तो शर्टाच्या खिशात टाकला.

सूनबाई दारातनं बघत व्हती. "पप्पा, काय करायलात? दुकानवाल्याला लॅपटॉपच दाखवा की नेऊन."

"माप घेतलंय," मी तळहात दाखवला. "जगात माप कळलं की सगळं कळलं."

दुकान चिंचवड स्टेशनजवळ. दुकानदार पस्तीस-चाळिशीचा मुसलमान माणूस, कपाळाला भिंग बांधलेलं, समोर कुणाच्यातरी मोबाईलच्या पोटातला कोथळा मांडलेला. मी तळहात त्याच्या नाकापुढं धरला.

"ह्या मापाचं वायफाय कार्ड दे भाई."

त्यानं हात बघितला, मग मला बघितलं. "काका, लॅपटॉप कुठाय?"

"घरी."

"कुठल्या साली घेतलेला? आत प्रोसेसर कुठला हाय?"

"तू माप बघ ना. इंजिनियरच्या व्हर्निअरनं घेतलंय."

त्यानं उसासा टाकला आन खणातनं दोन पाकिटं काढली. दोन्हीत तिकिटाएवढं हिरवं कार्ड. मी दोन्ही मोजली, माप एकच. दोन्हीला एकाच जागी खाच.

"हे जुन्या लॅपटॉपला चालतं," तो म्हणला, "आन हे नवीन मॉडेलला. खाच सेम हाय दोघांची, पण आतला हिसाब वेगळा. तुमचा जुना असेल तर हे दुसरं घेऊ नका. बसेल काका, पण चालणार नाय."

इथं मला जो माज आला, तो मी तुम्हाला समजावून सांगतो, कारण तो कंपनीनं पैसे खर्च करून माझ्यात घातला व्हता. आमच्याकडं एकदा जपानी साहेब आला, आन त्यानं सगळ्यांना पंख्याखाली बसवून पोका-योके शिकवलं. शिकवणी अशी, की फिक्स्चरला, म्हणजे पार्ट बसवायच्या साच्याला, एक पिन ठेवायची आन पार्टला त्या जागी भोक. पार्ट उलटा लावला, चुकीचा लावला, तर पिन आडवी येती आन पार्ट बसतच न्हाई. बसला म्हणजे बरोबर. न्हाई बसला म्हणजे चूक. डोकं लावायचंच न्हाई. मला ही विद्या इतकी आवडली की काय सांगू. डोकं न लावता बरोबर ठरायचं, ह्यापेक्षा मोठी सोय माझ्यासाठी कुणी केली न्हाई. त्या दिवशी समोसा आन पेढा बी दिलेला.

तर मी त्या दुकानदाराला, कपाळाला भिंग बांधलेल्या माणसाला, त्याच्याच दुकानात उभा राहून पोका-योके शिकवलं.

"ही खाच कशाला दिली सांग? चुकीचं बसू नये म्हणून. मग चुकीचं असंल तर बसंल कसं?"

"काका, ते कंपनीवाल्यांनी—"

"बसलं म्हणजे बरोबर. जपानी शिक्षण हाय हे. नवं नेट पायजे, तर नवीन मॉडेलवालंच दे."

त्यानं वाद घातला न्हाई. गिऱ्हाइकाला अक्कल विकत न्हाईत दुकानात. एवढंच म्हणला, "पाकीट फेकू नका. परत येताना लागेल."

परत कशाला येतोय, म्हणून मी हसत हसत बस पकडली. आता वाटतं, त्या बसमधनं मला कुणीतरी मधेच उतरवायला पाहिजे व्हतं.

बुधवारी संध्याकाळीच सूनबाई म्हणली, "पप्पा, माझं काम संपलंय. आत्ता बसवा. काही कमी-जास्त झालं तर उद्याचा दिवस तरी हातात राहील."

"मेंटेनन्स गुरुवारी," मी म्हणलं.

आमच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. आख्खं जग रविवारी झोपतं, आमी गुरुवारी. लाइटवाले बी त्याच दिवशी लाइट घालवून खांबावर चढत्यात, कारण कारखाने बंद असत्यात. आन मशीनचं मोठं काम काढायचं तर ते बी गुरुवारीच, लाइन थांबलेली असती तवा. ट्रान्सपोर्टवाल्यांची बिलं असल्यामुळं सूनबाईच्या ऑफिसला बी सुट्टी गुरुवारीच. माझ्या हाडात बसलेलं हाय ते. बुधवारी संध्याकाळी मशीन उघडायचं म्हणजे मला पाप केल्यासारखं वाटतं.

"पप्पा, ही काही प्रेस लाइन नाही. लॅपटॉप हाय."

"मशीन ते मशीन," मी म्हणलं, आन पोरगी गप बसली. सासऱ्याला किती बोलायचं ह्याला एक सीमा असती. बायकोला ती सीमा न्हाई, पण ती नेमकी शेजारी गेली व्हती.

गुरुवारी सकाळी लाइट गेली. जाणारच व्हती. मी उजेडात, उंबऱ्यापाशी चादर अंथरली. पाने मांडले. स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, व्हर्निअर. बघणाराला वाटावं, बायपास ऑपरेशन हाय. झाकण काढलं, एक स्क्रू ढिला केला, जुनं कार्ड टुणकन वर आलं. त्याला दोन केसासारख्या बारीक वायरी जोडलेल्या, एक काळी, एक पांढरी. ब्लाऊजला टिचबटण असतं ना, तसल्या बटणानं त्या वर दाबलेल्या. नखानं उचलायच्या असतात. माझं नख कुठं तेवढं? मी नोज प्लायर घेतला. काळी निघाली. पांढरी निघंना. आता आमच्याकडं न निघणाऱ्या गोष्टीला एकच उपाय, जरा जोर.

निघाली. पण कार्डावरचं पितळेचं इवलंसं बटण मुळासकट वायरीबरोबर निघून आलं.

म्हणजे जुनं कार्ड मेलं. आता मागं जायचा रस्ता बंद. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी बघितलं न्हाई, असं वाटलं. तेवढ्यात झोळीतनं बाळ माझ्याकडं टक लावून बघत असलेलं दिसलं. चार-पाच महिन्यांचं पोर, पण त्याची नजर माझ्या जुन्या सुपरवायझरसारखी. मी सूनबाईच्या सुईनं ते बटण टोकरून वायरीतनं काढलं आन खिशात टाकलं. खिसा आता चांगला जड व्हायला लागला व्हता.

नवं कार्ड लावलं. खाचेत खाच. असं सपकन बसलं की मला त्या जपान्याची आठवण झाली. वायरी दाबल्या, टिक-टिक आवाज आला, स्क्रू मारला. "बसलं!" मी ओरडलो. बाळ दचकून रडाय लागलं. सूनबाई पळत आली, आधी बाळाला घेतलं, मग मला बघितलं.

"चालतंय का?"

"लाइट आली की कळंल. पण बसलंय. म्हणजे चालतंय."

लाइट दुपारी चारच्या सुमाराला आली. तवर मी टपरीवर जाऊन कार्ड कसं बदलायचं ह्यावर लेक्चर देऊन आलो व्हतो. दोस्त म्हणला, "मी म्हणलोच व्हतो ना राव." ऐकणाऱ्यांतला एक माणूस उद्या माझ्याकडं त्याच्या जावयाचा लॅपटॉप आणणार व्हता.

सूनबाईनं लॅपटॉप लावला. चालू झाला, मग खाली कोपऱ्यात वायफायची खूण बघितली. खूणच न्हाई. नवं नेट न्हाई, जुनं न्हाई, शेजाऱ्याचं न्हाई. आदल्या दिवशीपर्यंत नेट तुटत व्हतं. मी ते तुटायची भानगडच मिटवली, मुळात ठेवलंच न्हाई.

"जरा गरम होऊ दे," मी म्हणलं.

"कार्ड गरम व्हायची गरज नसती पप्पा."

"बंद करून चालू कर."

केलं. परत केलं. मी झाकण काढून कार्ड दाबून बघितलं, काढून बघितलं, परत बसवलं. दर वेळेला बसत व्हतं. इतकं छान बसत व्हतं की त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटत व्हती. मग गच्चीवर जाऊन दुकानदाराला फोन लावला. गुरुवार, त्याचंबी दुकान बंद, आन तो घरी जेवत असावा.

"भाई, ते बसलं. पण चालत न्हाई."

पलीकडं थोडा वेळ नुसता घास चावल्याचा आवाज आला. मग म्हणला, "काका, मी काय बोललो होतो?"

"सकाळी उघडशील का लवकर?"

"उद्या जुम्मा हाय. नमाजनंतर या. अडीचला." आन फोन ठेवला.

मीटिंग अकराला, दुकान अडीचला. घरात मोबाईलची रेंज गच्ची सोडून कुठं येत न्हाई. आन बिलांचे तक्ते तिलाच पडद्यावर दाखवायचे व्हते, ते सगळे त्या लॅपटॉपात. अंगणवाडीत उद्याच्या तपासणीची तयारी करून बायको संध्याकाळी आली, तिनं सूनबाईचं तोंड बघितलं, चादरीवरचे पाने बघितले आन मला म्हणली, "काय केलं?"

"सुधारणा," मी म्हणलं.

ती काही बोलली न्हाई. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायको बोलली न्हाई तर समजायचं, शिव्या निवडतीय.

सूनबाई रडली न्हाई. मला वाटलं व्हतं रडंल. मी तिला समजूत घालायची तयारी बी केली व्हती, दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली व्हती, ती वायाच गेली. तिनं शांतपणे लॅपटॉप उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, आन एका बाजूची धुळीनं भरलेली फट फुंकली. वायर घुसवायचं चौकोनी भोक. जुन्या लॅपटॉपाला असतं ते, हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना न्हाई. मी दोनदा तो लॅपटॉप उघडून त्याच्या पोटातलं माप काढलं, पण बाहेरचं भोक मला दिसलं न्हाई. मग तिनं स्टूल घेतलं, माळ्यावरनं राऊटरचा खोका काढला, त्यात राऊटरसोबत आलेली पिवळी वायर व्हती. एक टोक राऊटरला, एक टोक लॅपटॉपला. नेट आलं. नुसतं आलं न्हाई, पळत आलं.

"हे मी सांगणारच व्हतो," मी म्हणलं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पाने गोळा केले.

वायर हातभरच. त्यामुळं सूनबाईला बसायचं तर पुढच्या खोलीत, चपलांच्या रॅकशेजारी, राऊटरखाली. बाळ आतल्या खोलीत. मधलं दार बंद. आन बायको अंगणवाडीत, तिची त्या दिवशी तपासणी, सुट्टी मिळंना. म्हणजे राहिलं कोण?

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना सूनबाईनं बाळ माझ्या हातात दिलं. "दूध पाजलंय. एक तास पप्पा. बाकी काही नको." दार लोटलं.

दार लोटल्याबरोबर बाळानं माझ्याकडं बघितलं, ओठ पुढं काढला. मी झोळीत घातलं, जोरात हलवलं. जास्तच जोरात, कारण मला हळू काही करायचं माहीत न्हाई. ओठ आणखी पुढं आला. खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, खोलीत फेऱ्या मारल्या. बाहेरनं सूनबाईचा आवाज येत व्हता, "हो मॅडम, शेअर करते मॅडम." बाळानं श्वास आत वढला. पोर मोठ्यानं रडायच्या आधी क्षणभर गप असतं, ती शांतता मला प्रेसच्या धडक्यापेक्षा जास्त घाबरवून गेली. आत्ता हे ओरडलं की पोरीची नोकरी गेली. आन ह्या टायमाला पाना द्यायला बी खाली कुणी झोपलेलं न्हाई.

खिशात हात घातला तर व्हर्निअर लागला. मी तो त्याच्यापुढं धरला आन जबडा सरकवला. खिडकीतले आकडे पळाले. बाळानं वढलेला श्वास हळूच सोडून दिला.

मी जबडा परत मागं घेतला. आकडे उलटे पळाले. बाळानं हात पुढं केला. मग मी त्याचा अंगठा मोजला. मग पायाचा अंगठा. मग कान. आकडा बदलला की ते हसायचं, तोंडात एक दात न्हाई, नुसत्या हिरड्या. मी कुजबुजत त्याला सांगत व्हतो, "पास. हा बी पास. ह्या नाकाला थोडं काम हाय, पण पास." जन्मभर चुकीचे पाने देणाऱ्या हातानं त्या दिवशी काही चुकलं न्हाई. मग त्यानं व्हर्निअर ओढून घेतला आन तोंडात घातला. मी काढून घेतला न्हाई, शप्पथ सांगतो, काढला असता तर भोंगा वाजला असता. नुसता टोकदार जबडा माझ्या मुठीत धरून बसलो. खिडकीतले आकडे लाळेत बुडाले, आधी अंधूक झाले, मग गेले ते कायमचे. पोर माझ्या छातीवर झोपलं. हाताला मुंग्या आल्या तरी मी हललो न्हाई.

बारा वाजून गेल्यावर दार उघडलं. सूनबाई उभी. आम्हाला दोघांना बघितलं आन बाळाला हळूच घेतलं.

"झालं?"

"झालं पप्पा."

अडीचला मी लॅपटॉप बगलेत मारून दुकानात. ह्या वेळेला माप न्हाई, आख्खं मशीन. दुकानदारानं झाकण उघडलं, आत बघितलं, वायरीचं टोक बघितलं.

"ही वायर कशानं ओढली काका?"

"नखानं."

"कुठल्या जनावराच्या?"

त्यानं पाकिटातनं ते जुन्या लॅपटॉपला चालणारं कार्ड काढलं, त्याच खाचेत घातलं, वायरी बोटाच्या टोकानं दाबल्या. एक स्क्रू. लॅपटॉप चालू केला तर त्याच्या दुकानातलं नवं नेट सरळ दिसाय लागलं. माझं कार्ड त्यानं बदलून घेतलं, मी पाकीट जपून ठेवलं व्हतं म्हणून. वर चहा मागवला. तो चहा मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबला. निघताना मी इचारलं, "दोघांची खाच सारखी ठेवली तर माणसानं वळखायचं कसं रे?"

"इचारून," तो म्हणला.

घरी आलो तवा माझा माज परत आला व्हता. माझा माज असाच हाय, लाइटीसारखा, जातो आन येतो. बायको भाजी निवडत बसलेली. सूनबाईनं आतल्या खोलीत लॅपटॉप लावला, नवं नेट धरलं, भावाला व्हिडिओ लावून बघितला. एकदा बी तुटला न्हाई. मी दारात कंबरेवर हात ठेवून उभा.

"म्हणलं व्हतं का न्हाई, नेट माझ्यावर सोड?"

"मॅडमचा फोन आला होता पप्पा," ती म्हणली. "घरूनच काम करा म्हणल्या, एक तारखेला यायचं नाही. म्हणल्या, आज पहिल्यांदा तुमच्या बाळाचा आवाज आला नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "नेटचं त्यांनी काही काढलं नाही."

"पण कार्ड—"

"कार्ड झालं आता. मला रोज अकरा ते बारा मीटिंग असती. तुम्ही बाळाला घ्याल का? येवढंच पाहिजे होतं मला. मंगळवारी बी तेच सांगत होते."

"त्यात काय," मी म्हणलं, "करतो की."

बायकोनं भाजीतनं मान वर केली न्हाई.

"नको भरवसा धरू पोरी," ती म्हणली. "आज केलं, उद्या न्हाई करायचे. पोराला स्क्रू नसत्यात."